पूर्ण झाकणारे होल्स्टर : सोलापुरातील एका चर्मकारागिराच्या कामाचे आठ महिन्यांनंतरचे परीक्षण

मंगळवार पेठेच्या आतल्या एका गल्लीत बसणाऱ्या वयस्कर कारागिराकडून मी गेल्या कार्तिकात कमरेला लावायचे चामडी होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्वर ठेवायची खोळ, करून घेतले. त्यानंतरचा हिवाळा आणि सोलापूरचा अख्खा उन्हाळा ते रोज वापरले, दोनदा दुरुस्त करून घेतले, आणि आता आठ महिन्यांनी त्याविषयी लिहीत आहे. परवानाधारक मंडळी होल्स्टर विकत घेताना साधारणपणे तीन गोष्टी पाहतात : शस्त्र किती चटकन हाती येते, वस्तू दिसायला कशी आहे आणि किंमत किती. मीही पूर्वी हेच पाहत असे. एका प्रसंगाने माझी ही मोजपट्टी पार बदलली. म्हणून होल्स्टरविषयी सांगण्याआधी तो प्रसंग आणि त्याला लागू होणारा कायदा सांगणे मला आवश्यक वाटते, कारण या वस्तूचे गुणदोष त्याच कसोटीवर तपासलेले आहेत.

मी मार्केट यार्डात कांद्याचा अडत व्यवसाय करतो. हंगामात रोख रक्कम घेऊन रात्री उशिरा घरी परतावे लागते. एकदा अंधारात दोन दुचाकींनी बराच वेळ पाठलाग केल्यानंतर मी रीतसर अर्ज केला आणि चौकशी व प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर मला ०.३२ बोअरच्या रिव्हॉल्वरचा परवाना मिळाला. सहा काडतुसांचे, भरल्यावर पाऊण किलोच्या आसपास भरणारे हे शस्त्र मी अनेक वर्षे एका नायलॉनच्या होल्स्टरमध्ये वापरत होतो. ते एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले होते. पँटच्या आत खोचायचे, बाहेरून एका स्टीलच्या क्लिपने पट्ट्याला अडकवायचे आणि वरून शर्ट सोडायचा, अशी त्याची रचना होती. रिव्हॉल्वरची मूठ त्यात पूर्ण उघडी राहत असे. शर्ट हेच तिचे एकमेव झाकण होते.

गेल्या श्रावणात एका खानावळीत जेवण उरकून मी उठलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या लहान मुलाची चप्पल माझ्या पायाशी आली होती. ती उचलून द्यावी म्हणून मी वाकलो. उन्हाळी सुती शर्ट पाठीमागून वर सरकला, घामाने ओली झालेली क्लिप पट्ट्यावरून निसटली, आणि सरळ होईपर्यंत मूठ शर्टाच्या वर आली होती. त्या मुलाच्या आईने मुलाला ओढून जवळ घेतले. तिचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. मी शस्त्राला हात लावला नव्हता, कोणाशी चढ्या आवाजात बोललोही नव्हतो. पण तेवढ्या वेळात कोणीतरी मोबाइलवर छायाचित्र काढले, संध्याकाळपर्यंत ते दोन-तीन व्हॉट्सॲप गटांतून फिरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिस ठाण्यातून मला फोन आला.

परवान्याचे पुस्तक, रिव्हॉल्वर आणि ते होल्स्टर घेऊन मी हजर झालो. "साहेब, चुकून दिसले," असे मी म्हणालो. त्यावर तिथले अधिकारी शांतपणे म्हणाले, "चुकून दिसले हे मला पटते. पण ते झाकलेले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. नियमात झाकायला सांगितले आहे." पुढे कारणे दाखवा नोटीस आली, मी लेखी खुलासा दिला, सुनावणी झाली आणि लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटले. मला कोणी त्रास दिला, असे मी म्हणणार नाही. सगळे नियमाने झाले आणि ते व्हायलाच हवे होते.

त्या काळात मी नियम स्वतः वाचून काढले. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा आहे आणि त्याखालचे सध्याचे शस्त्र नियम २०१६ सालचे. त्यांतील नियम ३२ सार्वजनिक ठिकाणी बंदूक बाळगण्याविषयी आहे. त्याचा आशय असा की, पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर बाळगायचे असेल तर ते अंगावर बांधलेल्या, त्याच कामासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच खोळीत असावे, नाही तर पाठपिशवीसारख्या साधनात असावे. ते पूर्णपणे झाकलेले असावे. आणि बाळगणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असावे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजण्याला आणि गोळी झाडण्याला, मग काडतूस बिनगोळीचे, नुसता आवाज करणारे का असेना, त्याच नियमात सक्त मनाई आहे. हा नियम मोडल्यास परवाना रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. सोलापूर शहरात हा प्राधिकारी म्हणजे पोलिस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी.

यातला 'पूर्णपणे झाकलेले' हा शब्दप्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचला. शस्त्र हेतुपुरस्सर दाखवले की अनवधानाने दिसले, असा भेद त्या वाक्यात केलेला नाही. तिथे फक्त शस्त्र कोणत्या स्थितीत असावे ते सांगितले आहे. हेतूचा विचार पुढे होतो. तुमचा खुलासा ऐकताना, ताकीद द्यायची की परवाना काढून घ्यायचा हे ठरवताना, किंवा प्रकरण न्यायालयात गेले तर तिथे. अधिनियमाच्या कलम ३० नुसार परवान्याची अट किंवा नियम मोडल्यास, आणि त्यासाठी दुसरी शिक्षा सांगितलेली नसल्यास, सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुद्दाम शस्त्र दाखवून एखाद्याला धमकावले तर तो वेगळाच गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ गुन्हेगारी धाकदपटशाविषयी आहे, आणि जिवे मारण्याची धमकी असेल तर त्यात सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. म्हणजे चूक आणि गुन्हा यांत कायदा अंतर राखतो. पण ते अंतर तुमच्या बाजूने मोजले जावे असे वाटत असेल, तर शस्त्र झाकण्यासाठी तुम्ही खरोखर काय केले होते, ते दाखवता आले पाहिजे. मला ते दाखवता आले नाही. माझ्याकडे एक ढिली क्लिप आणि एक आखूड शर्ट एवढेच होते.

एका मित्राने मला धीर देण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा गुणवंतलाल खटल्यातील १९७२ चा निकाल दाखवला होता. शस्त्र 'ताब्यात' असणे म्हणजे त्याची जाणीव असणे, असे तत्त्व त्यात आहे. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेले काडतूस विमानतळावर सापडलेल्या माणसाला या तत्त्वाचा आधार मिळू शकतो. पण जो माणूस सकाळी उठून स्वतःच्या हाताने शस्त्र कमरेला लावतो, त्याला जाणीव नव्हती असे कसे म्हणता येईल? हा आधार माझ्यासारख्याच्या उपयोगाचा नाही, हे मला वाचताक्षणी कळले.

आपल्याकडे होल्स्टरविषयी जी माहिती मिळते, ती बहुतेक अमेरिकी चित्रफितींतून येते, आणि माझ्या मते खरी गडबड तिथेच होते. तिकडचे कायदे राज्याराज्यांत निराळे आहेत. फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये अशी तरतूद केली की, परवानाधारकाचे झाकलेले शस्त्र क्षणभर लोकांच्या नजरेस पडले, तर रागाने किंवा धमकावण्यासाठी मुद्दाम दाखवलेले नसल्यास तो कायद्याचा भंग ठरत नाही. टेक्सासमध्ये पूर्वी शस्त्र 'मुद्दाम न झाकणे' हा गुन्हा होता. २०१३ मध्ये शब्द बदलून तो 'मुद्दाम उघडपणे दाखवणे' असा केला गेला, आणि २०१६ पासून तर परवानाधारकाला होल्स्टरमधील शस्त्र उघडपणे बाळगण्याचीही मुभा मिळाली. जिथे क्षणभर दिसणे माफ आहे, तिथल्या कारागिराने मूठ उघडी ठेवून होल्स्टर बनवले तर त्यात नवल नाही. शर्टाखालून शस्त्राचा नुसता उठाव दिसणे, ज्याला ते लोक 'प्रिंटिंग' म्हणतात, यावर तिकडे तासन्‌तास चर्चा होते. आपल्या नियमाचे शब्द वेगळे आहेत, आणि तिकडच्या गरजेतून घडलेली वस्तू इकडे जशीच्या तशी वापरल्यास आपण अडचणीत येऊ शकतो. माझे नायलॉनचे होल्स्टर त्याच घाटणीचे होते.

ताकीद मिळाल्यानंतर मी ते फेकून दिले आणि कारागीर शोधू लागलो. मंगळवार पेठेतील या मामांचे नाव मला घोड्यांचे साज करून घेणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सांगितले. दुकान म्हणजे एक ओटा, मागे एक खोली, भिंतीला टांगलेले पट्टे, लगाम आणि पखालीचे जुने तुकडे. मी काम सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो परवान्याचा. "मालक, आधी परवाना दाखवा. मग माप बोलू." होल्स्टर हे काही शस्त्र नव्हे, ते विकायला परवाना लागत नाही आणि गिऱ्हाइकाचा परवाना पाहण्याची सक्तीही त्यांच्यावर नाही. तरीही परवाना पाहिल्याखेरीज ते काम हातात घेत नाहीत. या एका गोष्टीमुळेच त्यांच्या दुकानाविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चामडे ओले करून शस्त्राच्या आकारावर दाबून बसवावे लागते आणि ते सुकेपर्यंत आत साचा ठेवावा लागतो. यासाठी रिव्हॉल्वर दुकानात ठेवून जाण्याची तयारी मी मूर्खासारखी दाखवली होती. मामांनी हात मागे घेतले. "ती वस्तू माझ्या ओट्यावर नको. लाकडाची करून आणा." त्यांचे म्हणणे कायद्यालाही धरून होते, कारण परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात शस्त्र देऊन निघून जाणे हा माझ्या आणि त्यांच्या दोघांच्या गळ्याशी येणारा प्रकार होता. मग मी घरी बसून रिव्हॉल्वर रिकामे केले, नळी, काडतुसांची चक्री, चापाभोवतीचा गोल आणि मूठ यांची मापे व्हर्नियर मापकाने घेतली आणि एका सुताराकडून सागवानाचा नमुना करवून घेतला. तो मुद्दाम रंगवला नाही, लाकडाच्या मूळ रंगातच ठेवला, म्हणजे तो हातात असताना कोणाचा गैरसमज होऊ नये. हा नमुना करायला चारशे रुपये लागले. पुढे घरी सराव करतानाही तोच उपयोगी पडला.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. म्हशीचे जाड चामडे, दोन पदरी, कडेने मेण ओढलेल्या दोऱ्याचे हाताने घातलेले टाके. हे टाके मी भिंगाखाली पाहिले आहेत. आरीने पाडलेली छिद्रे सगळी एका तिरकसपणात आहेत आणि चापाच्या गोलाभोवती, जिथे ताण सर्वांत जास्त येतो, तिथे टाक्यांची दुसरी ओळ आहे. कडा रापीने तासून नंतर घासून गुळगुळीत केल्या आहेत, त्यामुळे शर्टाच्या आतील बाजूला त्या खरवडत नाहीत. पण या होल्स्टरची खरी खुबी त्याच्या झापडीत आहे. जुन्या काळच्या लष्करी होल्स्टरला असते तशी वरून येणारी रुंद झापड मूठ, घोडा आणि मागची सगळी बाजू झाकून खाली येते आणि टिचबटणाने बंद होते. शर्ट वर गेला, वाऱ्याने उडाला, कोणी गर्दीत ओढला, तरी बाहेर दिसते ते फक्त तपकिरी चामड्याचे पाकीट. शस्त्राचा एक मिलिमीटरही उघडा पडत नाही. 'पूर्णपणे झाकलेले' या दोन शब्दांचे याहून सरळ उत्तर मला ठाऊक नाही. आता शर्ट हे दुसरे झाकण आहे. पहिले झाकण शस्त्राबरोबरच बांधलेले आहे.

ही झापडीची कल्पना माझी नव्हती. मी मूठ उघडी असलेलेच चित्र घेऊन गेलो होतो. घडलेला प्रसंग ऐकल्यावर मामा म्हणाले, "शर्टाच्या भरवशावर ठेवायची वस्तू आहे का ही?" आणि पाठकोऱ्या कागदावर त्यांनी झापडीचा आकार काढून दाखवला.

पहिल्यांदा तयार झालेले होल्स्टर मात्र मला त्रासदायक ठरले, आणि हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. अडतीच्या गादीवर मी दिवसाचे सहा-सात तास मांडी घालून बसतो. होल्स्टर कमरेवर खाली बसवलेले असल्याने नळीचे टोक मांडीत रुतत असे आणि त्याच्या रेट्याने सगळे होल्स्टर वर सरकून शर्टाला तंबूसारखा उठाव येत असे. उभ्या माणसाचे माप घेऊन केलेली वस्तू बसलेल्या माणसाला चालत नाही, ही गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा मामांनी मला त्यांच्याच ओट्यावर मांडी घालून बसायला सांगितले, सागवानी नमुना घातलेले होल्स्टर कमरेला लावले आणि खडूने पट्ट्यावर व चामड्यावर खुणा केल्या. मग पट्टा ओवायच्या चिरा दोन बोटे खाली घेतल्या, त्यामुळे होल्स्टर तेवढेच वर आले, आणि मूठ किंचित पुढे कलेल असा तिरपेपणा दिला. या दुरुस्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आता मांडी घातल्यावरही ते बरगडीच्या खाली नीट बसते.

पट्ट्याचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो. बाजारातल्या साध्या पातळ पट्ट्यावर पाऊण किलो वजन टांगले की पट्टा मुरगळतो, होल्स्टर बाहेरच्या बाजूला झुकते आणि उठाव दिसू लागतो. मामांनी सुरुवातीलाच जाड दुपदरी पट्टा करून घ्या असे सुचवले होते. मी खर्च वाचवण्यासाठी नको म्हटले आणि महिनाभराने तो करवून घेतलाच. होल्स्टरचे २,८०० आणि पट्ट्याचे १,१०० रुपये पडले. कामाला अठरा दिवस लागले. बारा दिवसांत देतो असे मामा म्हणाले होते. ऑनलाइन मिळणारे नायलॉनचे होल्स्टर याच्या चौथाई किमतीत येते, पण ही तुलना मला योग्य वाटत नाही, कारण ताकीद मिळेपर्यंत माझ्या ज्या खेपा झाल्या आणि यार्डातली कामाची जी सकाळ प्रत्येक वेळी बुडाली, त्यांचा हिशेब त्या किमतीत धरलेला नसतो.

सोलापूरचा उन्हाळा ही कोणत्याही होल्स्टरची सर्वांत कठीण परीक्षा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांपर्यंत जातो, जाकीट किंवा कोट घालण्याचा प्रश्नच येत नाही, आणि अंगावर एकेरी सुती सदरा असतो. थंड प्रदेशातील माणसाला शस्त्र झाकणे सोपे जाते, इथे ते कपड्यांवर सोपवता येत नाही. झापड असल्याने ही चिंता मिटली, पण चामड्याने घाम प्यायला. पहिल्या आठ-दहा दिवसांत रंग सुटून दोन पांढऱ्या सदऱ्यांवर तपकिरी डाग पडले, आणि ते धुवूनही गेले नाहीत. मामांनी सदऱ्याकडच्या बाजूला मेणाचा हात पुन्हा फिरवून दिला, त्यानंतर रंग लागणे थांबले. हे त्यांनी आधीच करायला हवे होते, असे माझे मत आहे.

घामाचा दुसरा परिणाम शस्त्रावर होतो. ओलसर चामड्यात पोलाद ठेवले की गंज धरतो. म्हणून रात्री घरी आल्यावर रिव्हॉल्वर होल्स्टरमधून काढून, रिकामे करून, पुसून तेलाचा हात देऊन कुलूपबंद कपाटात ठेवायचे आणि होल्स्टर पंख्याखाली उघडे सुकवायचे, हा क्रम मी एक दिवसही चुकवलेला नाही. होल्स्टर हे बाळगण्याचे साधन आहे, साठवण्याचे नव्हे. शिवाय चामडे वापराने मऊ पडते. तोंडाची कड आत दुमडली तर शस्त्र आत सरकवताना ती चापात अडकू शकते, आणि चामडी होल्स्टरचा हा खरा धोका आहे. महिन्यातून एकदा मी बोट फिरवून कड ताठ आहे ना ते पाहतो. आठ महिन्यांत ती दुमडलेली नाही.

झापडीमुळे शस्त्र हाती यायला वेळ लागतो, असा आक्षेप माझ्या परवानाधारक मित्रांनी घेतला. आक्षेप खरा आहे. टिचबटण उघडणे, झापड उचलणे आणि मग मूठ धरणे यात, मूठ उघडी असलेल्या होल्स्टरच्या मानाने दोन-तीन सेकंद जास्त जातात, आणि प्राणावर बेतलेल्या वेळी दोन सेकंद थोडे नसतात. पण माझ्या आयुष्यात शस्त्र काढण्याची वेळ आजवर एकदाही आलेली नाही, उलट वाकण्याची, हात उंच करण्याची, दुचाकीवर टांग टाकण्याची वेळ दिवसातून पन्नास वेळा येते. मी या पन्नास वेळांचा विचार करून निवड केली. ज्याची परिस्थिती माझ्याहून वेगळी आहे, ज्याला पोलिसांनीच धोक्याची सूचना दिलेली आहे, त्याने वेगळा निर्णय घेतल्यास मी त्याला चूक म्हणणार नाही. पण झाकण्याची अट त्यालाही आहेच.

नियमातील दुसरी अट, म्हणजे परिणामकारक नियंत्रण, हिचाही कस लावून पाहिला. सागवानी नमुना घालून, झापड बंद करून होल्स्टर उलटे धरले आणि जोरात झटकले. नमुना हलला नाही. झापड उघडी ठेवूनही तो आपसूक पडला नाही, इतके चामडे आकारावर घट्ट बसले आहे. पाठपिशवीचा पर्याय नियमात असला तरी मला तो पटत नाही, कारण पिशवी खाली ठेवली जाते, गाडीच्या मागच्या सीटवर राहते, रेल्वेत वरच्या फळीवर जाते, आणि त्या क्षणी नियंत्रण सुटते. अंगावर बांधलेली वस्तू विसरली जात नाही.

घरी आरशासमोर सराव केला तोही याच नमुन्यावर. माझ्या पत्नीने स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवरचा डबा मला वीस वेळा काढायला लावला आणि प्रत्येक वेळी मागून पाहिले. सदरे चार बोटे लांब शिवून घ्यावेत, ही सूचना तिची. मी ती अमलात आणली आणि आता वाकल्यावर होल्स्टरची खालची कडसुद्धा क्वचितच दिसते.

तरीही काही दिवस असे असतात की सर्वांत उत्तम होल्स्टरही घरीच राहिले पाहिजे. सण-उत्सव, मोर्चे, निवडणुका यांच्या काळात महाराष्ट्र पोलिस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यावर बंदी घालणारे आदेश निघतात. ते वर्तमानपत्रांत छापून येतात आणि परवानाधारकाने ते वाचणे हे त्याचे काम आहे. जानेवारीत श्री सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आमच्या घरचे सगळे पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालतात. बंदांनी बांधलेला तो अंगरखा, खांद्याला खांदा लागलेली गर्दी, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी लोटलेला जनसमुदाय, अशा ठिकाणी कमरेला शस्त्र असण्याची कल्पनाही मला सहन होत नाही. त्या दिवसांत रिव्हॉल्वर कपाटात आणि किल्ली माझ्याकडे. आचारसंहितेच्या काळात शस्त्र जमा करण्याची सूचना आली तर ते पोलिस ठाण्यात देऊन पावती घ्यायची, यातही कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

शस्त्राबरोबर छायाचित्रे काढून ती समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या तरुणांविषयी मला मनापासून चिंता वाटते. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात शंभराहून अधिक शस्त्र परवाने रद्द झाले, तेव्हा हवेत गोळीबार आणि शस्त्रासह काढलेल्या चित्रफिती हा विषय राज्यभर गाजला होता. लग्नात किंवा वरातीत आनंदाच्या भरात गोळी झाडणे हा तर २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला आहे. कोणाच्या जिवाला धोका होईल अशा बेपर्वाईने गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यांचे ते वागणे आणि माझी चूक यांत हेतूचा फरक आहे, परंतु खानावळीतल्या त्या आईला तो फरक दिसण्याचे काहीच कारण नव्हते.

चुकून कधी शस्त्र दिसलेच, तर काय करावे, हे मी त्या अधिकाऱ्यांनाच विचारले होते. हात शस्त्राकडे अजिबात नेऊ नये, कोपराने किंवा दुसऱ्या हाताने फक्त कपडा खाली ओढावा, शांतपणे बाजूला व्हावे, आणि कोणी पोलिसांना बोलावले असेल तर निघून न जाता थांबावे, असे त्यांनी सांगितले. परवान्याचे पुस्तक सोबत असलेच पाहिजे, कारण शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ नुसार पोलिस अधिकारी शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. पट्टा करून घेताना मी मामांकडून त्याच चामड्याचे एक पाकीट शिवून घेतले आणि आता पुस्तक त्यात, सदऱ्याच्या आतल्या खिशात असते.

उणिवांत आणखी एकच मोठी. सहाव्या महिन्यात झापडीचे टिचबटण सैल पडले आणि एक दिवस गोदामात पोती मोजताना झापड आपोआप उघडली. सदरा लांब असल्याने काही दिसले नाही, पण मी त्याच क्षणी घरी परतलो. बटण हलक्या प्रतीचे होते, घामाने त्याची आतली तार गंजली होती. मामांनी चूक मान्य केली आणि त्या जागी पितळेची घुंडी बसवली, जिच्यावर चामड्याची चीर ओढून अडकवावी लागते. ही घुंडी उघडायला बटणापेक्षा थोडी जड आहे, तिचा आवाज होत नाही आणि दोन महिन्यांत ती एकदाही निसटलेली नाही. नवे होल्स्टर करवून घेणाऱ्याने पहिल्यापासून घुंडीच मागावी.

दुकान सकाळी दहानंतर उघडते आणि सोमवारी बंद असते. जाताना मूळ परवाना न्यावा, छायाप्रत त्यांना चालत नाही. मापासाठी लाकडी नमुना न्यावा आणि आपण दिवसभर उभे असतो, गाडी चालवतो की मांडी घालून बसतो, ते न विसरता सांगावे. शस्त्र घरीच ठेवून जावे. बरोबर नेले तर मामा ओट्यावर बसूही देत नाहीत.